एक्स-रेचं शिक्षण: लेकीला पाठवण्याआधी काय माहीत हवं



आपल्याकडे एक्स-रेला अजूनही ‘फोटो’ म्हणतात. ‘सासूबाईंच्या कमरेचा फोटो काढला’, ‘छातीचा फोटो काढायला तालुक्याला गेलो होतो’, असं आपण सहज बोलतो. पण तो फोटो काढणारं माणूस कुठे शिकतं, किती वर्षं शिकतं, हे आपण फारसं कधी विचारत नाही. यंदा आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघाला, कारण बारावी शास्त्र झालेल्या दोन मुलींना हेच शिक्षण घ्यायचं आहे आणि दोघींच्या घरी तीन प्रश्नांवर गाडी अडली आहे. त्या किरणांनी पुढे मूलबाळ व्हायला अडचण येईल का? रात्रपाळी असते, मग मुलीची जात एकटी कशी राहील? आणि फीचे पैसे कुठून आणायचे, संस्था खरी की खोटी हे कसं ओळखायचं?

आम्ही समन्वयक मैत्रिणींनी मिळून हे शिक्षण घेणाऱ्या आणि पूर्ण केलेल्या आपल्या भागातल्या मुलींना गाठलं, त्यांच्या वह्या पाहिल्या, त्यांचे दिवस कसे जातात ते विचारलं. आज तेच तुम्हाला सांगतो.

हे शिक्षण नेमकं कशाचं?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म रोंटगेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. ते काय आहेत हे माहीत नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना ‘एक्स’ असं नाव दिलं. मराठीत आपण ‘क्ष-किरण’ म्हणतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यानं आपल्या बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात हाडं दिसत होती आणि बोटातली अंगठीही. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं.

आज दवाखान्यातल्या या विभागात साधा एक्स-रे असतोच. शिवाय सीटी स्कॅन, एमआरआय, स्तनांच्या तपासणीची मॅमोग्राफी, ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं सी-आर्म मशीनही असतं. ही मशिनं चालवणारी व्यक्ती म्हणजे रेडिओग्राफर किंवा क्ष-किरण तंत्रज्ञ. चित्र वाचून आजाराचा अहवाल देतात ते रेडिओलॉजिस्ट, म्हणजे डॉक्टर. आपली मुलगी शिकायला जाते ती पहिल्या कामासाठी.

महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. त्याशिवाय पदविका अभ्यासक्रमही असतात. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. सरकारी दवाखान्यांत या कामाला क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, क्ष-किरण सहायक अशी पदं आहेत. खाजगी दवाखाने आणि सीटी-एमआरआय सेंटर आता तालुक्याच्या गावांतही दिसतात.

पहिलं वर्ष: हाडं, किरण आणि इंग्रजी

सुरुवातीचे महिने बहुतेक वर्गातच जातात. शरीररचना, शरीराचं काम आणि किरणांचं भौतिकशास्त्र हे तीन मोठे विषय. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात आणि त्यातलं प्रत्येक नाव इंग्रजीत पाठ करावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना पहिला धक्का इथेच बसतो. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजीत, आणि नावं तर धड इंग्रजीही वाटत नाहीत.

मुलींनी यावर आपापले उपाय काढले आहेत. एकीच्या वहीत डाव्या पानावर घरचे शब्द होते आणि उजव्या पानावर पुस्तकातले. मांडीचं हाड म्हणजे फीमर. गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला. खांद्याचं पातं म्हणजे स्कॅप्युला. रात्री वसतिगृहात चौघीजणी एकमेकींच्या अंगावर बोट ठेवून नावं विचारायच्या. पहिल्या सहा महिन्यांत ‘मला जमणार नाही’ असं म्हणणारी मुलगी दुसऱ्या वर्षाला नीट चालू लागते, असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणून मुलीचा रडका फोन आला तर लगेच ‘ये परत’ म्हणू नका. कोणत्या विषयात अडलं आहे ते विचारा.

भौतिकशास्त्रात मशीनचे दोन आकडे समजून घ्यावे लागतात. एक किरणांची भेदण्याची ताकद ठरवतो, दुसरा किरण किती निघतील ते ठरवतो. सडपातळ मुलाच्या हाताला एक आकडा, जाड माणसाच्या कमरेला वेगळा. चुकला तर चित्र एक तर काळं येतं नाही तर पांढरंफट्ट. मग ते पुन्हा काढावं लागतं, म्हणजे रोग्याला दुसऱ्यांदा किरण. ‘पहिल्याच वेळी बरोबर काढा’ हे वाक्य शिक्षक रोज का म्हणतात, ते इथे कळतं.

वही बाजूला, माणूस समोर

पुढे दवाखान्यात पाळ्या लागतात. एक्स-रे खोली, अपघात विभाग, सीटी, एमआरआय, ऑपरेशन थिएटर असं फिरवतात. प्रत्येक मुलीकडे एक नोंदवही असते. कोणता एक्स-रे पाहिला, कोणता स्वतः काढला हे लिहून वरिष्ठांची सही घ्यायची. सह्या पुरेशा नसल्या तर परीक्षेला अडचण येते.

छातीचा साधा एक्स-रे घ्या. आपल्याला वाटतं, उभं राहायचं आणि बटण दाबायचं. विद्यार्थिनीला मात्र क्रम पाठ असावा लागतो. नाव विचारून चिठ्ठीशी ताडायचं. गळ्यातलं काढून ठेवायला सांगायचं. रोग्याची छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे. खांदे पुढे केले की पाठीवरची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. किरण पाठीकडून येतात, त्यामुळे हृदय प्लेटच्या जवळ राहतं आणि खऱ्यापेक्षा मोठं दिसत नाही. मशीन साधारण १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट लांब. मग ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’. श्वास धरला नाही तर फुप्फुसं पूर्ण फुगत नाहीत आणि चित्र पुसट होतं.

आणखी एक छोटी गोष्ट असते, ती म्हणजे उजव्या-डाव्याची खूण. धातूचं एक अक्षर प्लेटवर ठेवतात. ते चुकीच्या बाजूला ठेवलं तर डॉक्टर दुसऱ्याच पायावर उपचार करू शकतात. त्यामुळे या खुणेबाबत शिक्षक सगळ्यात कडक असतात. तसंच मोडलेल्या हाडाचे एक्स-रे निदान दोन बाजूंनी काढतात, कारण समोरून न दिसणारी चीर बाजूनं दिसते. पुढच्या वेळी ‘दोन-दोन फोटो काढून पैसे उकळतात’ असं कुणी म्हणालं तर हे त्यांना सांगा.

हे काम अंगमेहनतीचंही आहे. स्ट्रेचरवरच्या माणसाला टेबलावर घ्यायचं, मोडलेला पाय न दुखवता वळवायचा, रडणाऱ्या मुलाला क्षणभर स्थिर ठेवायचं. बाहेर नातेवाईक गाठतात: ‘बाई, हाड मोडलंय का? सांगा की.’ विद्यार्थिनीला दिसत असलं तरी निदान सांगायचा अधिकार तिचा नाही. ‘डॉक्टर बघून सांगतील’ हे वाक्य न चिडता दिवसातून पन्नास वेळा म्हणायला शिकावं लागतं.

बायकांसाठी बाई

आपल्यातल्या किती जणी ‘आत पुरुष आहे’ म्हणून तपासणी टाळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मॅमोग्राफीत स्तन मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबून धरावा लागतो. तिथे समोर बाई असेल तर बाई तपासणीला तयार होते. आपल्या गावातली मुलगी या खोलीत असणं म्हणूनही महत्त्वाचं आहे.

या मुलींना एक प्रश्न विचारायला खास शिकवतात: ‘शेवटची पाळी कधी आली?’ मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला पोटाच्या किंवा कमरेच्या एक्स-रेआधी आणि सीटी स्कॅनआधी हे विचारायचं असतं, कारण पोटातल्या गर्भाला विनाकारण किरण मिळू नयेत. प्रश्न सोपा आहे, विचारणं अवघड. सोबत सासरा असतो, दीर असतो, लग्न न झालेल्या मुलीची आई बाजूला उभी असते. म्हणून विद्यार्थिनी आधी सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगते, दार लावते आणि हळू आवाजात विचारते. मैत्रिणींनो, हा प्रश्न आला तर रागावू नका, खरं सांगा. कुणी विचारलं नाही आणि दिवस गेल्याची शंका असेल तर आपण होऊन सांगा. मग डॉक्टर ठरवतात, एक्स-रे आत्ताच हवा की थांबता येईल, की सोनोग्राफीवर भागेल.

सोनोग्राफीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. पण गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार गरोदर बाईची सोनोग्राफी नोंदणी झालेल्या केंद्रात पात्र डॉक्टरनंच करायची असते. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘कोर्स झाला की मुलगी स्वतःचं सोनोग्राफी सेंटर चालवेल’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

किरणांची भीती खरी किती?

आता सगळ्यात मोठा प्रश्न. एका घरी आजीनं स्पष्ट सांगितलं, ‘त्या मशीनजवळ काम करणारी पोर कोण सून करून घेईल?’ ही भीती हसण्यावारी नेऊ नये. जास्त किरणांनी शरीराचं नुकसान होतं, हे खरं आहे. सुरुवातीच्या काळात लोक काहीच आडोसा न घेता काम करत. मेरी क्युरी यांनी पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या तयार करून घेतल्या, स्वतः त्या घेऊन गेल्या आणि पॅरिसमध्ये सुमारे १५० बायकांना हे काम शिकवलं. शंभर वर्षांपूर्वी बायका हे काम करत होत्या. पण १९३४ साली मेरी क्युरी रक्ताच्या आजारानं गेल्या, आणि त्याचं कारण वर्षानुवर्षं किरणांशी आलेला संबंध हेच मानलं जातं. आजचे कडक नियम अशा अनुभवांतूनच आले आहेत.

पहिली गोष्ट, एक्स-रे मशीन म्हणजे विजेचा दिवा समजा. बटण दाबलेलं असतं तेवढ्या क्षणापुरतेच किरण निघतात. खोलीत ते साठून राहत नाहीत आणि कपड्यांना लागून घरी येत नाहीत.

दुसरी गोष्ट, बचावाचे तीन उपाय पहिल्याच वर्षी शिकवतात: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. चुलीपासून दोन पावलं मागे सरलं की धग कमी लागते, तसंच इथे. अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या भागावर येतात, तिप्पट केलं की नवव्या भागावर. आडोसा म्हणजे शिशाच्या काचेची भिंत किंवा अंगावरचा शिशाचा एप्रन. तो जड असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन-तीन तास घालून उभं राहिलं की खांदे भरून येतात, असं मुली सांगतात.

तिसरी गोष्ट म्हणजे बिल्ला. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. छातीवर, एप्रनच्या आत लावायचा. आतल्या छोट्या चकत्यांत किरणांची नोंद होते. साधारण दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि प्रत्येकीच्या नावानं आकडा येतो. बिल्ला दुसरीला द्यायचा नाही आणि एप्रनला लावून मशीनच्या खोलीत विसरायचा नाही. विसरला तर खोटा मोठा आकडा येतो आणि चौकशी होते.

किरण मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, दगड, आकाश यांतून प्रत्येक माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ किंवा त्याहून कमी. या कामातल्या माणसाला आपल्या देशात कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त आणि पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० पेक्षा जास्त मिळता कामा नयेत, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊ मुलींसाठी ही मर्यादा फक्त ६ आहे. कायमचं वंध्यत्व यायला लागणारी मात्रा हजारोंच्या घरात असते. नियम पाळून एक्स-रे विभागात काम करणाऱ्या बाईचा आकडा त्याच्या आसपासही जात नाही. दिवस गेले तर तिनं विभागात लगेच सांगायचं असतं. मग उरलेल्या काळात गर्भाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, अशी तिच्या कामाची व्यवस्था करावी लागते.

धोका शून्य आहे, असं आम्ही म्हणणार नाही. धोका मोजता येतो आणि आटोक्यात ठेवता येतो. म्हणून आजींना ‘काही होत नाही हो’ असं सांगू नका. बिल्ल्याचा आकडा काय असतो ते समजावून सांगा. आणि प्रवेश घेताना ‘विद्यार्थिनींना बिल्ला मिळतो का?’ हे विचाराच.

रात्रपाळी आणि वसतिगृह

अपघात रात्री होतात, त्यामुळे रात्रपाळी टळत नाही. चांगल्या संस्थेत विद्यार्थिनीला रात्री एकटी ठेवत नाहीत, सोबत वरिष्ठ तंत्रज्ञ असतात. वसतिगृह दवाखान्याच्या आवारात असेल तर निम्मी काळजी मिटते. बाहेर असेल तर रात्री ये-जा कशी होते, मुलींसाठी वेगळी आरामाची खोली आणि स्वच्छतागृह आहे का, तक्रार कुणाकडे करायची, हे जाऊन पाहा. फोनवर विचारू नका. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा.

मुलींनी आणखी एक सांगितलं. रात्रपाळीनंतर त्या दिवसा झोपतात. तेव्हा घरून सारखे फोन येतात आणि उचलला नाही की घरी शंका. पाळीचं वेळापत्रक घरच्या भिंतीवर लावा, म्हणजे दोन्हीकडचा त्रास वाचेल.

पैसे भरण्याआधी

आमच्या भागातल्या एका ताईंनी गटातून कर्ज काढून मुलीला शहरातल्या एका खाजगी संस्थेत घातलं. वर्षभरात प्रमाणपत्र, शंभर टक्के नोकरी, असं आश्वासन होतं. दुकानाच्या वरची एक खोली, मशीन एकही नाही, दवाखान्यात पाळी नाही. प्रमाणपत्र हातात आलं, पण सरकारी जागेसाठी ते चाललं नाही. मुलगी आज एका दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिते आणि ताई अजून हप्ते फेडत आहेत. ही वेळ दुसऱ्या घरावर येऊ नये. म्हणून हे प्रश्न गटाच्या वहीत लिहून घ्या आणि उत्तरं कागदावर मागा:

१. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा सरकारी मंडळाचा? त्यांच्या यादीत या संस्थेचं नाव आहे का?
२. शिक्षण झाल्यावर पॅरामेडिकल परिषदेत नोंदणी होते का? आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राचा कायदा आला आहे, त्यामुळे नोंदणीला महत्त्व आहे.
३. पाळ्या कोणत्या दवाखान्यात? तिथे किती आणि कोणती मशिनं आहेत?
४. बिल्ला आणि शिशाचे एप्रन विद्यार्थिनींना मिळतात का?
५. शिकवण्याची फी, परीक्षा, वसतिगृह, मेस, गणवेश मिळून चार वर्षांचा एकूण खर्च किती? इंटर्नशिपमध्ये काही मानधन आहे का?

पैशांबद्दल दोन गोष्टी. २०२४-२५ पासून राज्यात वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. मात्र प्रवेश शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून हवा. संस्थेच्या कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आहेत. निवडलेल्या अभ्यासक्रमाला काय लागू होतं ते प्रवेशाआधी विचारा. जात, उत्पन्न, रहिवासी हे दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवा, कारण निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

दुसरी गोष्ट, गटाचं कर्ज. शेकडा दोन रुपये महिन्यानं पन्नास हजार घेतले तर महिन्याला हजार रुपये व्याजच जातं, आणि मुलगी कमवायला लागेपर्यंत वर्षं जायची आहेत. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. म्हणून मोठी फी बँकेतून भरा. गटाचे पैसे दाखले, प्रवास, पहिल्या महिन्याची मेस अशा अडीनडीला ठेवा.

क्षयरोग शोधायला हातात धरण्याएवढी एक्स-रे मशिनं आता गावातल्या शिबिरांतही येऊ लागली आहेत. ती चालवायला शिकलेली माणसं लागणार आहेत. त्यांत आपल्या गटांतल्या मुली असाव्यात असं आम्हाला वाटतं. येत्या बैठकीत बारावी शास्त्र शिकणाऱ्या मुलींची आणि त्यांच्या आयांची नावं लिहून घ्या, हे पाच प्रश्न मोठ्यानं वाचा, आणि कॉलेज पाहायला जाताना मुलीसोबत गटातली एक तरी मैत्रीण पाठवा.